क्लोरीनच्या खोलीतला नाकाजी

नाकाजी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पोटच्या पोराचं असं नाव कुठले आईबाप ठेवतील? पण खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. जलशुद्धीकरण केंद्रात साहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याला नाकाजीच म्हणत, आणि त्याला राग येत नसे. राग कसला, उलट कॉलर ताठ व्हायची.

हे नाव त्यानं कमावलं होतं. नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. क्लोरीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर सगळे डबे उघडून बसले होते. यानं घास तोंडाशी नेला, तो तसाच खाली ठेवला आणि म्हणाला, "गळतंय." जुने ऑपरेटर हसले. भिंतीवरचं गळती हेरणारं यंत्र गप्प होतं, आणि हा कालचा पोरगा यंत्राला शिकवणार! तरी एकजण उठला, कापसाचा बोळा अमोनियात बुडवून आत घेऊन गेला. क्लोरीन असेल तिथे अमोनिया नेला की पांढरा धूर निघतो, गळती शोधायची ती खात्रीची रीत. तिसऱ्या सिलिंडरच्या झडपेपाशी बोळा गेला आणि धूर निघाला. गळती केसाएवढी होती. त्या दिवसापासून हा नाकाजी झाला.

मग रीतच पडून गेली. खोलीत कोणाला जायचं असलं की आधी नाकाजी दारात उभा राहणार, डोळे मिटणार, दोनदा हुंगणार आणि "जा" म्हणणार. तो "जा" म्हणाला की मास्क खुंटीवर राहायचा आणि माणूस आत जायचा. अमोनियाची बाटली कपाटात पडून पडून रिकामी झाली, नवी मागवायचं कोणाला सुचलंसुद्धा नाही. अख्ख्या शहराच्या पिण्याच्या पाण्यात घालायचा गॅस त्या खोलीत होता, भरलेले सिलिंडर माणसापेक्षा लांब होते, आणि या सगळ्याची राखण एका माणसाच्या नाकावर सोपवलेली होती. साहेब नवे आले तेव्हा त्यांनी एकदा नाक मुरडलं होतं, म्हणजे या रीतीबद्दल. पण दोन वेळा नाकाजी खरा ठरला आणि तेही गप्प बसले.

घरीही तेच. घर तिसऱ्या मजल्यावर, पण तळमजल्यावर कोणाचं दूध उतू गेलं ते याला आधी कळायचं. बायको म्हणायची, "लोकांच्या घरात नाक खुपसायला यांना जावं लागत नाही. इथे बसूनच जमतं."

आणि मग ते नाक गेलं.

एका दिवसात नाही गेलं. तीस वर्षं रोज थोडा थोडा गॅस नाकात जात होता, त्यानं आतून नाक भाजून काढलं असणार. क्लोरीनची एक खोड अशी की तो ओलाव्याला लागला की त्याचं आम्ल होतं, आणि नाक, घसा, फुप्फुसं ही तर सगळी ओलीच. नाकाजीला हे माहीत होतं, प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण शिकवलेलं दुसऱ्यांसाठी असतं असं आपल्याला वाटतंच. एका संध्याकाळी बायको बाजारातून आली आणि दारातूनच ओरडली. स्वयंपाकघरात शेगडीचं बटण उघडं राहिलं होतं, ज्योत विझलेली, घरभर गॅस. आणि हा शेगडीपासून चार हातांवर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता.

"अहो, तुम्हाला वास नाही आला?"

"सर्दी झालीय," नाकाजी म्हणाला.

ती सर्दी दोन वर्षं टिकली.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं की सरळ. आहे काय नि नाही काय! पण ज्याला सगळी दुनिया एकाच गोष्टीसाठी ओळखते, त्यानं ती गोष्टच गेली म्हणून कसं सांगायचं? नाकाजीचं नाक गेलं म्हणजे मागे फक्त 'जी' उरला. तो मनात म्हणायचा, पुढच्या महिन्यात सांगू. पुढचा महिना आला की तोच पाठ पुन्हा. आणि तोवर त्याला एक युक्तीही सापडली होती. दारात हुंगायचं नाटक करायचं आणि तिरप्या नजरेनं मेहुण्याच्या तोंडाकडे बघायचं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तिनंच वाढवलेला. नाकाजीनंच त्याला केंद्रात फिटर म्हणून चिकटवलं होतं. लग्न केलं नाही. "ताईच्या हातचं आयतं मिळत असताना उगाच कशाला एका मुलीचं वाटोळं करू?" असं म्हणायचा, आणि यांच्याच घरी तिसरं पान मांडून जेवायचा. अंगानं दणकट, स्वभावानं भोळा. वास आला की त्याचं तोंड लगेच वाकडं व्हायचं, भुवया वर जायच्या, तो खाकरायचा. नाकाजी ते बघून म्हणायचा, "थांबा. आहे." वास नसला की मेहुणा आपला मख्ख उभा. मग नाकाजी "जा" म्हणायचा. दोन वर्षं एकही चूक झाली नाही. आपण किती हुशार, असंच नाकाजीला वाटत होतं.

मग भिंतीवरचं यंत्र बोंबलायला लागलं. पहिल्यांदा बोंबललं तेव्हा सगळे बाहेर धावले. मेहुणा त्या दिवशी पंपावर होता. नाकाजी एकटा दारात उभा राहिला, हुंगला, आणि बघायला समोर कोणाचं तोंडच नव्हतं. त्यानं मान हलवली. "काही नाही. यंत्राचं डोकं फिरलंय." आठवड्याभरात आणखी दोनदा तेच झालं. साहेब वैतागले. एकीकडे तीस वर्षांचं नाक, दुसरीकडे जुनं बदलून बसवलेलं तीन वर्षांचं यंत्र. त्यांनी यंत्राची वायर काढून ठेवली आणि दुरुस्तीवाल्याला निरोप पाठवला.

आपण काय करून बसलो, हे त्या दुपारी नाकाजीला कळलं होतं. घरी जाताना त्यानं ठरवलं होतं, उद्या साहेबांना सांगायचं. तो उद्याही सर्दीसारखाच लांबला.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी सकाळी अकराला खालचा पंखा अडकला. क्लोरीन हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो. म्हणून खोलीच्या एका कडेला, सहा पायऱ्या खाली, पाइपांचा लांब चर होता आणि चराच्या टोकाला एक पंखा, खाली साचलेला गॅस खेचून बाहेरच्या टाकीत सोडणारा. तो पंखा बंद पडला की चर म्हणजे झाकण लावलेलं भांडं. साहेब स्वतः आले. मेहुणा हत्यारांची पिशवी घेऊन आला. आणखी दोन ऑपरेटर आले. मास्क खुंटीवर लटकत होते.

मेहुणा पहिल्या पायरीवर गेला, कारण पिशवी त्याच्या हातात होती. त्याची पाठ इकडे होती. नाकाजीला फक्त त्याची मान दिसत होती.

"काय नाकाजी, आहे का काही?" साहेबांनी विचारलं.

नाकाजीनं डोळे मिटले. दोनदा हुंगलं. नाक म्हणजे कोरडी भिंत. पण डोळे उघडताना उजव्या डोळ्यात काहीतरी चुरचुरलं, अगदी बारीक. धूळ असेल. कदाचित धूळ नसेल. साहेब बघत होते, ते दोघे बघत होते.

"जा," तो म्हणाला.

मेहुण्यानं मागे वळून पाहिलं. क्षणभरच. मग त्यानं खिशातला रुमाल बाटलीतल्या पाण्यानं ओला केला, तोंडावर बांधला. "धुळीसाठी," तो म्हणाला आणि खाली उतरला.

तो खाली दहा मिनिटं होता. नाकाजीनं भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं, म्हणून आकडा पक्का. तिसऱ्या मिनिटाला खालून खोकल्याचा आवाज आला. नाकाजी ओरडला, "काय झालं रे?"

"काही नाही. धूळ!"

सहाव्या मिनिटाला पुन्हा खोकला. या वेळी लांबला. नाकाजी एक पाऊल पुढे सरकला. त्याला ओरडायचं होतं, वर ये, आधी वर ये. पण "का?" असं साहेबांनी विचारलं असतं तर काय सांगणार होता? आत्ताच तर जा म्हणालो. तो पायरीच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि घड्याळाकडे बघत राहिला. नवव्या मिनिटाला पाना निसटल्याचा आवाज आला, धातूवर धातू. जुनी, आधीच झिजलेली जोडणी त्या दणक्यानं सुटली. चराच्या तळाशी पिवळट हिरवा धूर पसरताना वरून दिसला.

पुढचं सगळं नाकाजीनं चोख केलं, हे मान्य करायलाच हवं. पाठीवर हवेची टाकी, तोंडाला मास्क, मोजून अर्धं मिनिट. खाली उतरून त्यानं मेहुण्याला काखेत हात घालून ओढलं, पायऱ्यांवरून वर आणलं, बाहेर मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला नेऊन बसवलं. दुसऱ्या ऑपरेटरनं मास्क लावून मुख्य झडप बंद केली. मेहुणा डोळे चोळत होता, खोकत होता, नाकातोंडातून पाणी वाहत होतं.

"नाकाजी, शाबास!" साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "तुम्ही होतात म्हणून वाचला."

नाकाजी काही बोलला नाही. ती त्याची पहिली चूक नव्हती, पण सगळ्यांत मोठी तीच.

आता या गॅसची दुसरी खोड सांगतो, ती पहिलीपेक्षा वाईट. तो मारतो आणि मग थांबतो. अर्ध्या तासात खोकला उतरतो, डोळे निवळतात, माणूस पाणी मागतो आणि थट्टा करायला लागतो. सगळ्यांना वाटतं, आलं होतं ते गेलं. प्रशिक्षण देणारा म्हातारा सांगायचा, "गॅस गेला असं वाटलं की घड्याळ लावून बसा." आत फुप्फुसांच्या इवल्या इवल्या पिशव्यांची भिंत भाजलेली असते, आणि ती काही तासांनी झिरपायला लागते. दरम्यान माणूस जेवढा दमेल तेवढं ते लवकर होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी छाती तपासली, फोटो काढला, बोटाला चिमटा लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघितला. सत्त्याण्णव. फोटो स्वच्छ. मेहुणा पलंगावर पाय हलवत बसला होता.

"किती वेळ होता गॅसमध्ये?" त्यांनी विचारलं. "नीट आठवून सांगा. यावरच ठरतं ठेवायचं की सोडायचं."

साहेब शेजारीच उभे होते.

"मिनिटभर," नाकाजी म्हणाला. "मला लगेच वास आला. मी लगेच ओढला."

डॉक्टरबाईंनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्यानं मान डोलावली.

"मिनिटभरच असेल तर दोन तास बसवते आणि सोडते. पण जिने नाहीत, ओझं नाही, पडून राहायचं. धाप लागली तर लगेच यायचं, वाट बघायची नाही."

अडीच वाजता दोघे घरी आले. जिने नाहीत म्हणे, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. नाकाजी म्हणाला, "हळू चढ, प्रत्येक मजल्यावर बस." मेहुणा म्हणाला, "मी काय म्हातारा झालोय?" आणि ताईला दाखवायला दोन दोन पायऱ्या चढत वर गेला. वर पोचल्यावर दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि हसला. नाकाजी ते हसणं बघत होता.

बायकोनं सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला, भावाला शिव्या घातल्या आणि जेवायला वाढलं. तो अर्धंच जेवला. "घसा दुखतोय," म्हणाला. मग आडवा झाला. चार वाजता उठून बसला, उशीला टेकून. "आडवं पडलं की खोकला येतो," म्हणाला.

नाकाजी समोर खुर्चीत बसला आणि त्याच्या छातीकडे बघून श्वास मोजायला लागला. एका मिनिटाला अठरा. पंधरा मिनिटांनी बावीस. वर्तमानपत्र त्याच्या हातात होतं, उलटं.

"थकलाय बिचारा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "झोपू द्या त्याला. असे डोळे फाडून काय बघताय?"

सव्वीस.

नाकाजीच्या डोक्यात दोन आकडे भांडत होते. एक मिनिट, दहा मिनिटं. डॉक्टरबाईंच्या कागदावर एक लिहिलं होतं. एक मिनिटवाल्याला धाप लागली तर त्या म्हणतील घाबरलाय, वाफ द्या. दहा मिनिटवाल्याला? आणि दहा म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला. दहा मिनिटं तुम्ही काय करत होतात? तुम्हाला वास कसा नाही आला? त्यानं स्वतःशीच सौदा केला. साडेचारपर्यंत बघू. कमी झालं तर झालंच. माणूस स्वतःशी सौदा करतो तेव्हा दोन्हीकडून फसतो.

साडेचारला मेहुण्याचे ओठ जांभळट दिसले. श्वास घेताना त्याच्या छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. गळपट्टीजवळची शीर उडत होती, इतकी भराभर की मोजता येईना. नाकाजीनं मनगट धरलं. नाडी पळत होती आणि मध्येच एखादा ठोका गाळत होती.

"ऊठ गं!" नाकाजी ओरडला. "खालच्या रिक्षावाल्याला हाक मार!"

"अहो, काय झालं?"

"तो दहा मिनिटं होता आत. एक नाही, दहा. मी खोटं बोललो."

बायको पाणी पिण्याचा पेला हातात धरून तशीच उभी राहिली. "दहा मिनिटं? आणि तुम्ही कुठे होतात?"

"वर. दारात."

"मग तुम्हाला वास..." ती थांबली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरातल्या शेगडीकडे, मग परत त्याच्याकडे. पेला खाली ठेवला आणि खिडकीशी जाऊन सगळी गल्ली गोळा होईल अशी हाक मारली.

मेहुणा उठायला लागला. नाकाजीनं त्याला दाबून बसवलं. "एक पाऊल टाकायचं नाही. एकही नाही. चढलास तेवढं पुरे." त्यानं आणि शेजाऱ्यानं त्याला खुर्चीसकट उचललं. तीन मजले. प्रत्येक वळणावर खुर्ची भिंतीला घासत होती आणि मेहुणा दोन्ही हातांनी कठडा पकडायला बघत होता, जणू कठड्यात हवा भरलेली आहे. बायको पुढे पुढे चालत दारं उघडत होती, माणसं बाजूला करत होती. एकदाही तिनं मागे वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात शिरताच नाकाजी डॉक्टरबाईंना म्हणाला, "दहा मिनिटं. आधी हलका गॅस, शेवटी दाट. तोंडावर फक्त ओला रुमाल. नंतर तीन जिने चढलाय." एका दमात म्हणाला, मध्ये थांबलो तर पुन्हा खोटं येईल अशी भीती वाटून.

त्यांनी त्याच्याकडे एक नजर टाकली. ती नजर त्याला जन्मभर पुरेल. मग त्या कामाला लागल्या. चिमट्यावरचा आकडा शहात्तर होता. मेहुण्याच्या तोंडाशी गुलाबी फेस आला होता. घट्ट मास्क बांधला, दाबानं ऑक्सिजन सुरू केला, सुया टोचल्या, छातीवर तारा चिकटवल्या. पडद्यावरची रेघ नीट चालत नव्हती, धावत होती, अडखळत होती, पुन्हा धावत होती.

तासाभरानं त्या बाहेर आल्या. बायको बाकावर बसली होती, नाकाजी भिंतीला टेकून उभा होता. त्या बायकोशी बोलल्या, त्याच्याशी नाही.

"फुप्फुसांत पाणी भरलंय. बाहेरून आलेलं नाही, त्यांच्याच रक्तातलं, भाजलेल्या जागेतून झिरपलेलं. त्यामुळे हवा आत जाते पण रक्तापर्यंत पोचत नाही. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की हृदय दुप्पट धावतं. आणि धावायला त्यालाही ऑक्सिजनच लागतो, तोच नाही. म्हणून ते चुकायला लागलंय. अजून तासभर घरी राहिले असते तर मला काही करता आलं नसतं."

"आणि दुपारीच ठेवून घेतलं असतं तर?" बायकोनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत आत गेल्या.

बायको तिथेच बसून राहिली. नवऱ्याकडे न बघता तिनं एवढंच म्हटलं, "सर्दी." शिवी दिली असती तर परवडली असती.

दोन दिवस तो मास्क निघाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साधी नळी लावली. जीव वाचला, पण सगळाच वाचला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, फुप्फुसांचा काही भाग कायमचा राठ झालाय, जिना चढताना धाप लागेल, हृदयाच्या गोळ्या चालू राहतील, गॅसच्या जवळपास पुन्हा जायचं नाही. बोलणं कमीत कमी. एक वाक्य बोलला तरी आकडा खाली येतो.

नाकाजी पलंगाशी बसला. तीन दिवसांत तो नीट झोपला नव्हता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बायको पलीकडच्या बाजूला, भावाचा हात हातात घेऊन. मधे पडद्यावर आकडा, ब्याण्णव.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," नाकाजी म्हणाला. "माझं नाक..."

"माहीत आहे," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज कागद फाटल्यासारखा निघाला. "शेगडीच्या दिवसापासून."

नाकाजीनं खुर्ची पुढे ओढली.

"मी मुद्दाम... तोंड वाकडं करायचो, भावोजी. तुम्हाला दिसावं म्हणून." तो थांबला, दोन श्वास घेतले. "त्या दिवशी मी पुढे होतो. तुम्हाला दिसलो नाही. साहेब होते समोर. म्हटलं पटकन पंखा सोडवू... गॅस जाईल निघून. कोणाला कळणार नाही."

आकडा नव्वद झाला. बायकोनं भावाचा हात सोडला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. एकाची लाज राखायला दुसरा आपल्या पायांनी खड्ड्यात उतरला होता, आणि दोघांनाही तिनंच रोज जेवायला वाढलं होतं. नाकाजीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण जमीन अशा वेळी कधी दुभंगत नाही.

तेवढ्यात साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी आणि एक पाकीट. "कसं वाटतंय आता? नाकाजी, तुमच्यासाठी वरिष्ठांनी प्रशस्तिपत्र पाठवलंय. आपल्या जिवाची पर्वा न करता... वगैरे. मला फक्त अहवाल पुरा करायचाय. तुम्हाला वास नेमका कधी आला, तेवढं सांगा. मशीन तर बंदच होतं, तुमचं नाक होतं म्हणून निभावलं."

नाकाजीनं तोंड उघडलं. तीस वर्षं ज्यावर उभा होता ती एकच पायरी होती, आणि ती त्याला स्वतःच काढायची होती.

"साहेब," पलंगावरून आवाज आला. मेहुणा कोपरावर रेलून उठायला बघत होता. "भावोजींना... लगेच आला वास. मी चरात उतरलो... आणि लगेच..."

एकोणनव्वद.

"त्यांनी हाक मारली मला. मीच... ऐकलं नाही. माझीच चूक..."

सत्त्याऐंशी. पडद्यातून टुंग टुंग आवाज यायला लागला. मेहुण्याच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्याच्याकडे चार श्वास होते आणि ते तो नाकाजीच्या नाकावर खर्च करत होता.

"त्यांचं नाक... साहेब... अजून..."

पंच्याऐंशी.

"गप्प बस!" नाकाजी ओरडला. परिचारिका दारातून धावत आली. त्यानं मेहुण्याला खांद्यांना धरून उशीवर टेकवलं आणि वळला. "साहेब, मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. त्या दिवशी आला नव्हता. आधीही नव्हता. मी खोटं 'जा' म्हणालो. हा दहा मिनिटं आत होता आणि मी दारात उभा राहून घड्याळ बघत होतो."

साहेबांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "म्हणजे मशीन..."

"मशीन खरं सांगत होतं. तिन्ही वेळा. फोन करून वायर जोडायला सांगा, आत्ता. मास्कशिवाय कोणाला आत सोडू नका."

साहेब फोन काढत बाहेर पडले. पाकीट पलंगाच्या पायथ्याशी राहिलं, कोणी त्याला हात लावला नाही.

मेहुणा नाकाजीकडे बघत होता. तोंड उघडं होतं, पण आता सांगायला काही उरलं नव्हतं. बायकोनं पदरानं डोळे पुसले, हात पुढे करून भावाची हनुवटी हलकेच वर केली आणि त्याचं तोंड मिटलं. परिचारिकेनं ऑक्सिजनचं बटण वाढवलं. तिघेही पडद्याकडे बघत बसले. आकडा बराच वेळ पंच्याऐंशीवरच होता. मग शहाऐंशी झाला.